पाच म्हणजे डी

रेवा, ईशान,

परवा तुमचा निरोप आला. महागावला याडीच्या कॉम्प्युटरमध्ये तिच्या गोष्टी आणि गाणी रेकॉर्ड केलेली आहेत, ती शोधून पाठव, तीसेक तरी असतील, ती नेहमी सांगायची. याडी म्हणजे खरं तर आई. तुमची आई, कविता, तिच्या आईला याडी म्हणते, म्हणून तुम्हीही आजीला याडीच म्हणत आलात. तिला जाऊन अठरा दिवस झाले. तिच्या घराची किल्ली कविता परत जाताना माझ्याकडे ठेवून गेली, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. काल मी यवतमाळहून सकाळच्या बसने गेले आणि संध्याकाळी परत आले.

"मिळाली नाहीत" असं एका ओळीत कळवता आलं असतं. तुम्ही विश्वास ठेवला असता, आणि म्हणूनच मला ते करायचं नाही. रेवाला मराठी वाचता येतं. ईशानला कविता वाचून दाखवेल. कविता, एकही ओळ गाळू नकोस.

यापुढे मी तुमच्या याडीशी बोलणार आहे. तुम्ही ऐका.

विहीणबाई,

तुम्ही गेल्यावर रेवाचा फोन आला. ती इतकी रडत होती की तिला बोलता येईना. मी तिला समजावलं, पाणी पी म्हटलं, आईजवळ जाऊन बस म्हटलं. आणि हे सगळं म्हणत असताना माझ्या मनात एकच विचार होता, मी गेल्यावर ही इतकी रडेल का. लाज वाटावी असा विचार आहे. आला, म्हणून लिहिला.

तुमचा हेवा मी पहिल्या दिवसापासून केला, हे तुम्हाला माहीत होतं की नाही, मला माहीत नाही. आधी मी त्याला हेवा म्हणत नव्हते, शिस्त म्हणत होते. लग्नाच्या आधी तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा माझ्या हातात यादी होती आणि यादीतला एक मुद्दा तुमच्या बंजारा पोशाखाचा होता. मी फार सभ्यपणे विचारलं, "लग्नाला आपण साडी नेसूनच याल ना?" तुम्ही बशीतला चहा संपवलात आणि म्हणालात, "नाही त काय ईनबाई, उघडी येईन का?" माझा मुलगा इतका हसला की त्याला ठसका लागला. तो माझ्या कुठल्याही बोलण्यावर असा हसलेला मला आठवत नाही.

तुम्ही मला कायम ईनबाई म्हणालात. मी दरवेळी सुधारत गेले, "विहीणबाई म्हणावं." तुम्ही म्हणायच्या, "तेच त म्हणून राह्यली." हा वाद आपला मिटलाच नाही.

मी तेहतीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलं. माझ्या हाताखालून गेलेल्या मुली आज कुठे कुठे आहेत. पण माझी नातवंडं इंग्रजी घेऊनच जन्मली. ईशान माझे उच्चार दुरुस्त करतो, तेही प्रेमाने, म्हणजे जास्तच लागतं. माझ्याजवळ देण्यासारखं जे होतं, ते त्यांच्याकडे आधीच होतं. तुमच्याकडे होती तुमची गोरबोली, बंजाऱ्यांची बोली, जी त्या दोघांना तिथे कुणीच देऊ शकत नव्हतं. रेवाचा मला फोन यायचा तो असा: आजी कशी आहेस, गुडघा कसा आहे, गोळी घेतलीस का. सहा मिनिटं. तुमच्याशी ती तासभर बोलायची. मी कविताला सहज विचारल्यासारखं विचारून ते काढून घेत असे.

त्यात तुम्हाला कॉम्प्युटर यायचा. हे मला सगळ्यांत जड गेलं. तुम्ही आश्रमशाळेत शिपाई होतात आणि शेवटची अकरा वर्षं तुमच्याकडे कॉम्प्युटरची खोली होती. कुलूप काढायचं, झाडायचं, मुलांच्या चपला बाहेर ठेवायला लावायच्या. यंत्रं बिघडली की दुरुस्तीवाला यायचा आणि तुम्ही त्याच्यामागे उभ्या राहून बघायच्या. त्या यंत्रांचे सीडीचे ड्राइव्ह धुळीने निकामी झाले होते, म्हणून तो नवीन प्रणालीच्या फाइली हार्ड डिस्कच्याच एका भागात टाकून तिथूनच ती बसवायचा. ती प्रणाली म्हणजे लिनक्स, फुकट मिळणारी. इतकी वर्षं बघून बघून तुम्हाला ते पाठ झालं. इंग्रजीचं अक्षर न वाचता. कुठल्या पानावर कुठलं बटण, हे तुम्हाला जागेवरून माहीत होतं. वरून दुसरी ओळ, उजवीकडचं बटण, मग मधली चौकट.

माझ्या मुलाने परदेशी जाताना मला लॅपटॉप घेऊन दिला आणि त्याचा जुना कॉम्प्युटर तुम्हाला दिला. लॅपटॉपवर मी कव्हर घातलं. तुम्ही त्या जुन्या यंत्राला कानाला लावायचे फोन जोडले, तोंडासमोर माइक असलेले, आणि नातवंडांसाठी बोलायला लागलात.

दोन वर्षांपूर्वी ते यंत्र फार मंद झालं. रेवाने फोनवर सांगितलं, याडी, त्यावर लिनक्स टाक. तुम्ही म्हणालात, "ते त मले येते." पण नव्या आवृत्तीत पानं बदलली होती, बटणं इकडची तिकडे गेली होती. यंत्र इतकं जुनं की पेन ड्राइव्हवरून सुरू व्हायला तयार नाही. म्हणजे तीच शाळेतली पद्धत. आणि कुणीतरी वाचून दाखवणारं हवं. तुम्ही मला फोन केलात.

"ईनबाई, तुमची इंग्रजी घेऊन या एक दिवस."

मी त्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून आले, वही आणि दोन पेनं घेऊन. हे सांगायला हवं, की मला फार आनंद झाला होता.

तुम्ही मला आधी सगळं समजावलंत. मी इतक्या जणींना शिकवलं, पण इतकं चांगलं मला कुणी शिकवलं नसेल. म्हणालात, "हे पाहा. डिस्क एकच हाये, पण तिचे तीन भाग. सी, डी आन् ई. सी म्हणजे आपलं जुनं घर. ते पाडाचं आन् तिथंच नवं बांधाचं. मंग नव्या घराचं सामान कुठं ठेवाचं? शेजाऱ्याच्या वट्यावर. ई म्हणजे तो वटा. त्याच्यावर सारं सामान रचून ठेवलं मी. यंत्र सुरू केलं का ते वट्यावरून सामान उचलन आन् बांधकामाले लागन."

"आणि डी?" मी विचारलं.

"डीत माहे आवाज हायेत. एकतीस. पोरायले आताच नाही देत. इथं आले का एकदमच देतो."

आदल्या दिवशी रेवाने मला फोनवर एक गोष्ट टिपून घ्यायला सांगितली होती. बसवताना सी, डी, ई अशी नावं दिसणार नाहीत, आकडे दिसतील. मी वहीत व्यवस्थित रकाने आखून लिहिलं होतं. एक म्हणजे सी. पाच म्हणजे डी. सहा म्हणजे ई.

काम सुरू करण्याआधी आपण जेवलो. तुम्ही अंबाडीची भाजी आणि भाकर केली होती. जेवण झाल्यावर तुम्ही ते फोन माझ्या कानांवर चढवलेत आणि म्हणालात, "एक ऐका त खरं." ते गाणं होतं, मूल निजवायचं. त्यातले मला चार शब्द कळले असतील. मध्येच तुम्ही गाणं थांबवून मराठीत सांगत होतात, की कविता लहानपणी या ओळीला डोळे मिटायची आणि पुढच्या ओळीला मुद्दाम उघडायची. मग पुन्हा गाणं. कुठे तयारी नाही, मुद्दे नाहीत. मी कानांवरचे फोन काढले आणि म्हटलं, "छान आहे." पाचवीतल्या मुलीचं चित्र बघून म्हणावं तसं.

"तुमी बी करा ना एखादं," तुम्ही म्हणालात.

मी केलं होतं, विहीणबाई. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. लॅपटॉपसमोर बसून, कागदावर मुद्दे काढून, माझ्या लहानपणाची एक गोष्ट मी तीनदा रेकॉर्ड केली होती. ऐकलं तर शाळेतल्या सकाळच्या सूचना वाटल्या. तिन्ही पुसून टाकल्या. तुम्हाला म्हटलं, "मला वेळ कुठे असतो."

मग आपण बसलो. तुमचा हात माउसवर, माझा चष्मा पडद्याजवळ, वही मांडीवर. तिकडे पहाट होती, रेवा झोपलेली. यंत्र बंद करून सुरू केलं, त्याने जुनं की नवं विचारलं, तुम्ही नवं घेतलंत. ईच्या ओट्यावरून सामान उचललं गेलं. एका पानावर त्याने विचारलं, एक भाग वापरात आहे, तो सोडू का. मी वाचलं. तुम्ही म्हणालात, "नाही म्हणा लागते तिथं. आपण त्याच्यावरच उभे हाव." इथपर्यंत मी प्रत्येक शब्द वाचला. तुम्ही दरवेळी "बराबर" म्हणत होतात आणि मला बरं वाटत होतं.

मग तिन्ही भागांची यादी आली. सी आणि डी आकाराने सारखेच होते. मी पुढचं वाचेपर्यंत तुमचा हात पुढे गेला. शाळेत नेहमी दुसरी ओळ असायची, म्हणून तुम्ही दुसरी ओळ निवडलीत. एक छोटी चौकट समोर आली. तिच्यात लिहिलं होतं की हा हा भाग फॉरमॅट होईल, म्हणजे पुसला जाईल, आणि बदल कायमचे होतील. भाग क्रमांक पाच. खाली दोन बटणं, मागे जा आणि पुढे चला.

"काय म्हणते?" तुम्ही विचारलंत.

अंक तुम्हालाही वाचता येत होते. तो पाच तुम्हालाही दिसला असेल. पण पाच म्हणजे काय, हे माझ्या वहीत होतं, आणि वही उघडी माझ्या मांडीवर होती. मी वहीकडे पाहिलं. पाच म्हणजे डी. माझंच अक्षर, रेघा पट्टीने मारलेल्या.

मी म्हटलं, "पुढे जायचं का विचारतंय."

"मंग जाऊ ना," तुम्ही म्हणालात आणि बटण दाबलंत.

मी हे ठरवून आले नव्हते. पण माझा घोटाळा झाला असंही मला म्हणता येणार नाही. चौकटीत जे होतं त्यातलं मी जे वाचून दाखवलं ते खरं होतं. ती विचारतच होती, पुढे जायचं का. बाकीचं मी वाचलं नाही. आयुष्यभर मुलींना सांगितलं, उतारा पूर्ण वाचा, मग उत्तर द्या.

पुढे तास-दीड तास एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत राहिली. तुम्ही शेंगा भाजून आणल्यात. त्या तासा-दीड तासात मी बोलले असते तरी काही उरलं नसतं, असं मी स्वतःला सांगत आले. कदाचित उरलं असतं. मला त्यातलं कळत नाही, आणि मी कुणाला विचारलं नाही.

यंत्र नव्याने सुरू झालं. नवा पडदा, स्वच्छ. तुम्ही टाळी वाजवलीत. मग तुम्ही आवाज शोधायला लागलात. आधी भरभर, मग हळू. एका कोपऱ्यात तुम्हाला सी दिसला, सगळ्या जुन्या फाइलींसकट, जसाच्या तसा. तुम्ही त्याच्याकडे बघत राहिलात.

"जुनं घर तं उभंच हाये, ईनबाई," तुम्ही म्हणालात. मग थोड्या वेळाने, "मंग पाडलं काय आपण?"

मी वही मिटली.

तुम्ही पदराने पडदा पुसलात, त्यावर धूळ नव्हती तरी. उठून चहा ठेवलात. कप माझ्या हातात देताना म्हणालात, "माह्याच हातानं झालं. शाळेत दुसरी ओळ राहे, म्हणून मी दुसरीच दाबली. तुमी त बराबर वाचून देल्लं."

मी म्हटलं, "हो."

विहीणबाई, त्या चौकटीपेक्षा मला हा "हो" जास्त छळतो. चौकटीच्या वेळी माझ्याकडे दोन क्षण होते. या वेळी पूर्ण कपभर चहा प्यायला लागतो तेवढा वेळ होता.

निघताना तुम्ही मला बस स्टँडपर्यंत सोडायला आलात. म्हणालात, "पोरायले सांगू नोका बरं. त्यायले वाटन, म्हातारीले काही येत नाही आन् उगाच करते." मी लगेच कबूल केलं. इतक्या लगेच मी तुमचं काहीच कधी कबूल केलं नव्हतं. आणि त्याच रात्री कविताचा फोन आला, की याडी सांगत होती, ईनबाई होत्या म्हणून झालं, त्यांनी सगळं इंग्रजी वाचून दिलं. मुलांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. रेवा माझ्याशी त्या दिवशी पंचवीस मिनिटं बोलली.

मला हवं होतं ते मला मिळालं. ते घेऊन मी कुठे बसावं, ते कळत नव्हतं.

त्यानंतर मी सांगायचं ठरवून तीनदा तरी तुमच्याकडे आले. एकदा तर आपण कळंबला चिंतामणीला, जमिनीखालच्या त्या देवळात, गेलो होतो. पायऱ्या उतरताना मी तोंड उघडलं, तेवढ्यात तुम्ही माझा दंड धरलात. "हळू उतरा व. तुमचा गुडघा काही मले उचलता येत नाही." मागच्या दोघी तिघी हसल्या. खाली पोचेपर्यंत माझा धीर गेला. वर येताना तुम्ही रेवाबद्दल बोलत होतात, की ती आता तुमच्याकडून गोरबोलीत आकडे शिकते आहे. मी पुन्हा गप्प झाले. तेव्हा अपराधीपणाने नाही, हेव्यानेच.

मग तुम्ही माझ्या लॅपटॉपवरही लिनक्स बसवून दिलंत. स्वतःहून, कव्हर काढून. "हे त अजून चांगलं यंत्र हाये, कायले झाकून ठेवलं?" पुन्हा मलाच वाचायला बसवलंत. मी प्रत्येक चौकट पूर्ण वाचली, स्वल्पविरामासकट, आणि मराठीत अर्थ सांगितला. तुम्ही जांभई दिलीत. "बाप्पा, इतलं कायले वाचता? मले झोप येऊन राह्यली." मला तिथेच रडू यायला हवं होतं. मी पुढची ओळ वाचली. त्याच लॅपटॉपवर मी आता हे लिहिते आहे, आणि तो बरा चालतो. त्याबद्दल तुमचे आभार मी कधी मानले नाहीत. तेव्हा मानले असते तर बाकीचंही बोलावं लागलं असतं.

तुम्हाला कळलं होतं का? तुम्ही चेहरे वाचण्यात पक्क्या होतात. पण तुम्हाला कळलं असेल आणि तुम्ही क्षमा केली असेल, असं मानणं मला फार सोयीचं आहे, म्हणून मी ते मानत नाही. तुम्हाला कळलं नव्हतं असं धरून चालते. म्हणजे आज सांगते आहे ते पहिल्यांदाच सांगते आहे. चूक तुमची नव्हती. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं म्हणून काही गेलं नाही. मला येत होतं म्हणून गेलं.

काल मी ते यंत्र सुरू केलं. मला वाटत होतं की तिथे काही नसणार. तुम्ही पुन्हा बोलायला सुरुवात केली होती, हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं. नावं टाइप केलेली नाहीत, नुसते आकडे आहेत. मी खुर्ची ओढली, कानांवर फोन चढवले आणि पहिल्यापासून ऐकलं. एकात तेच निजवायचं गाणं आहे. मध्येच थांबून तुम्ही म्हणता, "हे मी पहिले सांगतलं होतं, तवा चांगलं जमलं होतं. आता तसं येत नाही." तुम्ही पुन्हा प्रयत्न करता, दुसऱ्या ओळीवर चुकता, हसता. मग बंद. मी कुणाचं काय नेलं ते मला त्या हसण्यात कळलं. आणि मला हेही कबूल करायला हवं की ते बिघडलेलं गाणंसुद्धा माझ्या तिन्ही पुसून टाकलेल्या गोष्टींपेक्षा चांगलं आहे. तुम्ही गेलात तरी माझा हेवा गेला नाही. तो जाईल असं मला वाटलं होतं.

रेवा, ईशान, पहिले एकतीस आवाज नाहीत. ते मी जाऊ दिले. त्यानंतरचे सात आहेत. सगळ्यांत लहान एक मिनिटाचा आहे आणि सगळ्यांत मोठा बावीस मिनिटांचा. पाच गोरबोलीत आहेत, दोन मराठीत. सातही मी शेवटपर्यंत ऐकले. सातही नीट ऐकू येतात.